वक्त्याची अर्धी विद्या

चंदीगडला बदलून आलेल्या मराठी कुटुंबाकडे पहिल्या हिवाळ्यातच महाराष्ट्रातून पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की त्यांना कॅपिटॉल संकुल दाखविण्याचे कर्तव्य यजमानास पार पाडावे लागते. पाहुण्यांची दृष्टी प्रथम खिळते ती तेथील उघड्या हातावर. चौदा मीटर उंचीचा, वाऱ्याबरोबर फिरणारा तो धातूचा हात सर्वांच्या छायाचित्रांत येतो. परंतु त्याच्या पायथ्याशी जमिनीत उतरत गेलेला जो खळगा आहे, त्याकडे सहसा कोणी वळत नाही. या शहराचा वास्तुकार ल कॉर्बुझिए याने त्याला जे फ्रेंच नाव दिले, त्याचा आशय ‘विचारविनिमयाचा खंदक’ असा सांगता येईल. उतरत्या पायऱ्यांवर नागरिकांनी बसावे, एकाने चौथऱ्यावर उभे राहून सार्वजनिक प्रश्नावर बोलावे, इतरांनी ते ऐकावे आणि मग दुसऱ्याने उठावे, अशी त्याची कल्पना होती. कॉर्बुझिए १९६५ साली निवर्तला; हात आणि खंदक प्रत्यक्षात उभे राहिले ते १९८५ साली.

याच संकुलातील उच्च न्यायालयाची इमारत १९५५ सालची आहे. तिच्यातील न्यायदालने उंच आणि उघड्या काँक्रीटची. अशा दालनात उच्चारलेला शब्द भिंतींवर आपटून घुमतो आणि ऐकणाऱ्याच्या कानी दुहेरी पडतो. म्हणून न्यायासनामागील भिंतींवर प्रचंड लोकरी चित्रपडदे लावण्यात आले. आठ दालनांत ते प्रत्येकी ६४ चौरस मीटरचे, आणि मुख्य न्यायमूर्तींच्या दालनात १४४ चौरस मीटरचा. प्रेक्षकाला ती शोभा वाटते. वास्तविक घुमणारा आवाज पिऊन टाकावा आणि वकिलाचे म्हणणे न्यायाधीशाच्या कानी स्वच्छ पोचावे, हे त्यांचे खरे काम. बोलण्यासाठी चौथरा पुरतो; ऐकण्यासाठी मात्र व्यवस्था करावी लागते, ही गोष्ट त्या लोकरी पडद्यांइतकी स्पष्टपणे मला दुसऱ्या कशाने शिकविली नाही.

वक्तृत्वाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात आवाज, अभिनय, शब्दसंपत्ती, पाठांतर यांची चर्चा विपुल असते. श्रोता तेथे येतो तो बहुधा जिंकून घ्यावयाचा किल्ला म्हणून. परंतु मराठी माणसाच्या सार्वजनिक भाषणाचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला, तर मोठे वक्ते आधी दीर्घकाळ श्रोते होते, आणि जेथे त्यांचे ऐकणे चुकले तेथे त्यांचे बोलणेही फसले, असे दिसून येते. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील काही प्रसंग मांडण्याचा विचार आहे. आणि त्यांतला शेवटचा प्रसंग याच शहरातला आहे.

आपल्या भाषेने हे फार पूर्वीच ओळखले होते. विद्वानाला आपण ‘बहुश्रुत’ म्हणतो, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो. ज्याने पुष्कळ बोलले आहे त्याला आपण जे शब्द योजतो ते इतके आदराचे नाहीत. ज्ञानेश्वरी ही सभेत सांगितली गेलेली टीका आहे, आणि नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे काही मागतात तर ते अवधान. समर्थांच्या दासबोधात श्रोता नुसता मान डोलावीत नाही. तो शंका घेतो, आशंका उपस्थित करतो, आणि वक्त्याला तिचे निरसन करावे लागते. नारदीय कीर्तनाची रचना तर श्रोत्याच्या मनाचा अभ्यास करूनच बांधलेली आहे. पूर्वरंगात एका अभंगाचे निरूपण. मध्यंतरी नामघोष, म्हणजे बसून कंटाळलेल्या श्रोत्याला स्वतःचा आवाज मोकळा करण्याची संधी. उत्तररंगात तोच सिद्धांत पटविणारे आख्यान. आणि शेवटी पुन्हा मूळ अभंगापाशी परत येणे. विषय एकच असावा, तो आधी सांगावा, मग उदाहरणाने पटवावा आणि शेवटी श्रोत्याच्या हाती पुन्हा ठेवावा, हे व्याख्यानाचे मूलतत्त्व कीर्तनकाराला कोणत्याही पाठ्यपुस्तकावाचून ठाऊक होते.

या परंपरेतील एक थोर पुरुष तेराव्या-चौदाव्या शतकात पंजाबात आला. ज्ञानदेवांच्या समाधीनंतर नामदेव उत्तरेकडे निघाले आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांनी अनेक वर्षे वास्तव्य केले, असे परंपरा सांगते. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्याच्या परंपरेतील गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. ही पदे मराठी अभंग नव्हेत. उत्तरेकडील श्रोत्याला कळेल अशा बोलीत ती आहेत, आणि मराठीच्या खुणा अधूनमधून त्यांत डोकावतात. पंढरपूरच्या वाळवंटात हजारो लोकांना डोलविणारा कीर्तनकार परमुलखात येतो, तेव्हा त्याला नव्या श्रोत्यांची भाषा आधी कानांत साठवावी लागते. त्याशिवाय ती जिभेवर येत नाही. २०१५ सालच्या एप्रिलमध्ये याच घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा मराठी साहित्यिकांना तेथे आपलेपणाने ओळखणारे लोक भेटले ते मराठी वाचणारे नव्हते; सातशे वर्षांपूर्वीच्या एका मराठी माणसाचे शब्द पिढ्यान् पिढ्या ऐकत आलेले होते.

आता आधुनिक काळाकडे वळू. १८७५ हे वर्ष आपल्या वक्तृत्वाच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पुण्यात महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. रानडे हे त्या वेळी सरकारी न्यायखात्यातील अधिकारी होते. पुढे सरकारची मर्जी फिरल्यावर नाशिक आणि धुळे येथे बदल्याही त्यांनी भोगल्या. नोकरीच्या मर्यादेत राहून लोकशिक्षणाचे काम कसे करावे, हा आपल्यापैकी अनेकांना पडणारा प्रश्न त्यांनाही पडला होता. त्याचे त्यांनी शोधलेले एक उत्तर म्हणजे श्रोते तयार करणे. वर्षानुवर्षे ठराविक ऋतूत, निरनिराळ्या विषयांवर, निरनिराळ्या मतांचे वक्ते ऐकण्याची सवय एका शहराला लावणे, हे वक्ता घडविण्यापेक्षा अधिक चिकाटीचे काम आहे.

त्याच वर्षी उन्हाळा संपून पावसाळा लागल्यावर स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते आपली व्याख्याने संस्कृतात देत. कलकत्त्याच्या मुक्कामात केशवचंद्र सेन यांनी त्यांना सुचविले की लोकांपर्यंत पोचावयाचे तर लोकांच्या भाषेत बोलावे. आणि एवढ्या प्रखर वक्त्याने ती सूचना ऐकली, आपली सवय मोडली आणि हिंदीचा अवलंब केला. पुण्यातील त्यांची व्याख्याने हिंदीतच झाली. ज्यांनी ती योजिली त्या रानडे यांचा प्रार्थनासमाज वेदांना अपौरुषेय व अबाधित मानीत नव्हता. म्हणजे वक्त्याच्या मूळ सिद्धांतालाच निमंत्रकाची मान्यता नव्हती. तरीही त्यांनी तो सिद्धांत आपल्या गावाला ऐकविला. अखेरीस दयानंदांची मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांनी दंगा करून चिखलफेक केली. त्या मिरवणुकीत रानडे होते, आणि मतभेद बाजूला ठेवून जोतीराव फुलेही तिच्या रक्षणासाठी उभे राहिले होते. आपल्याशी असहमत असलेल्या माणसाला बोलता यावे म्हणून अंगावर चिखल घेणे, ही श्रवणाची परिसीमा म्हटली पाहिजे.

या कथेचा उत्तरार्ध आणखी बोलका आहे. त्या व्याख्यानांपैकी पंधरा आज आपल्याला उपलब्ध आहेत, ती पुण्यातील श्रोत्यांनी टिपून मराठीत प्रसिद्ध केली म्हणून. वक्ता हिंदीत बोलला. त्याचे शब्द टिकले ते मराठीत. आणि पुढे मराठीवरून ती पुन्हा हिंदीत गेली. दोनच वर्षांनी, १८७७ साली, लाहोरात आर्यसमाज स्थापन झाला आणि पंजाबच्या शिक्षणाचे रूप पालटण्यास त्याने मोठा हातभार लावला. आज चंदीगडमध्ये आपली मुले ज्या दयानंद महाविद्यालयाच्या नावाने ओळख सांगतात, त्या दयानंदांच्या वाणीचा एक मोलाचा ठेवा पुण्याच्या कुणा कान देऊन बसलेल्या माणसांनी राखला आहे, हे मुलांना सांगण्याजोगे आहे.

रानड्यांनी जे श्रोते घडविले, त्यांतील सर्वांत मोठा म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. सुमारे तेरा-चौदा वर्षे गोखले रानड्यांपाशी शिकले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी सरकारी अहवाल वाचणे, आकडे पडताळणे, लिहिलेले गुरूला दाखविणे आणि त्याने खोडलेले निमूटपणे पुन्हा लिहिणे, हा त्यांचा अभ्यासक्रम होता. एवढी शिस्त लाभलेल्या मनुष्याचीही एकदा चूक झाली, आणि ती ऐकण्यातलीच होती.

१८९७ साली गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात गेले होते. पुण्यात प्लेगने आणि प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या सैनिकांच्या वर्तनाने हाहाकार उडाला होता. स्नेह्यांच्या पत्रांतून आलेल्या वार्तांवर विश्वास ठेवून गोखल्यांनी सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे तेथील वृत्तपत्रातून जाहीरपणे सांगितले. ते मायदेशी परतले, तेव्हा त्या वार्तेची खात्री करून देण्यास कोणीही पुढे येईना. ज्यांनी लिहिले होते त्यांची नावे उघड करणे गोखल्यांना प्रशस्त वाटेना. अखेर ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. या माफीने ते इंग्रजांच्या दृष्टीने खोटे ठरले आणि आपल्या लोकांच्या दृष्टीने भ्याड. वय अवघे एकतीस वर्षांचे. सार्वजनिक जीवन तेथेच आटोपले, असे पुष्कळांना वाटले.

त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले म्हणजे या धक्क्याने त्यांना काय शिकविले ते उमगते. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याला वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकार शिलकी अंदाजपत्रकाचा अभिमान मिरवीत होते. ही शिल्लक समृद्धीची खूण नसून रुपयाचा भाव कृत्रिम रीतीने चढवल्याचा आणि दुष्काळाने पिचलेल्या रयतेवर कर तसेच ठेवल्याचा परिणाम आहे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. या आकडेमोडीत त्यांना सोलापूरचे विद्वान शिक्षक गणेश व्यंकटेश जोशी यांचे साहाय्य होते. त्या भाषणात ऐकीव असे काही नव्हते. पाच वर्षांपूर्वी ज्याने पत्रांवर विसंबून सांगितले, तो आता प्रतिपक्षाच्या कागदपत्रांतून बोलत होता. त्यांनी मागितलेल्या सवलतींत मिठावरील कर उतरविण्याची मागणी होती, आणि पुढच्याच वर्षी तो कर काही अंशी उतरलाही. वक्त्याची पत ही अशी असते: ती गमावण्यास एक वाक्य पुरते आणि परत मिळविण्यास वर्षे लागतात.

येथून मी वाचकांस पुन्हा चंदीगडला आणतो. सप्टेंबर १९५८ मध्ये नरहर विष्णु उर्फ काकासाहेब गाडगीळ पंजाबचे राज्यपाल होऊन येथे आले आणि मे १९६२ पर्यंत ते या पदावर होते. मध्य भारतातील मल्हारगडला १८९६ साली जन्मलेला हा मनुष्य फर्ग्युसन महाविद्यालयात शिकला, पुण्यात वकील झाला, तुरुंगात गेला, १९३४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून आला आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज या खात्यांचा मंत्री झाला. भाक्रा-नांगलच्या आरंभीच्या काळात ते खाते त्यांच्याकडे होते. पुढे चंदीगडचा उघडा हात घडविला गेला तो नांगलच्याच कर्मशाळेत, हा एक सुंदर योगायोग. काकासाहेब पुण्याच्या सभा गाजविणारे वक्ते होते. त्यांनी ‘वक्तृत्वशास्त्र’ या नावाचा ग्रंथही लिहिला आहे.

मात्र चंदीगडला येण्यापूर्वी या वक्त्याच्या वाट्याला एक कठोर अनुभव आला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने त्यांनी लोकसभेत स्वपक्षाच्या श्रेष्ठींपुढे निर्भीडपणे भाषण केले. तथापि १९५७ च्या निवडणुकीत ते उभे राहिले ते काँग्रेसतर्फेच, आणि पुण्यात प्रजा समाजवादी पक्षाचे ना. ग. गोरे यांनी त्यांचा पराभव केला. पुणेकरांना काकासाहेबांचे भाषण पटले नव्हते असे नाही. परंतु श्रोता केवळ शब्द ऐकत नाही. बोलणारा कोठे उभा आहे हेही तो ऐकतो. त्या वेळी पुण्याच्या कानी पक्षाचा आवाज व्यक्तीच्या आवाजापेक्षा मोठा येत होता.

असा मनुष्य राज्यपाल झाला. राज्यपालाने वर्षारंभी विधिमंडळापुढे अभिभाषण करावयाचे असते, पण त्यातील मजकूर मंत्रिमंडळाचा असतो. हा नियम घटनेतून आलेला, आणि घटना समितीचे काकासाहेब स्वतः सभासद होते. ज्याने आयुष्यभर स्वतःचे शब्द स्वतःच्या ढंगाने उच्चारले, त्याला दुसऱ्याचे शब्द सभागृहात वाचावे लागले. वक्त्याला याहून अवघड व्रत कोणते?

परंतु त्या काळच्या पंजाबात राज्यपालाचे खरे काम ऐकण्याचे होते. १९५६ मध्ये पेप्सूचे विलीनीकरण झाल्यावर राज्यात हिंदीभाषी आणि पंजाबीभाषी असे दोन विभाग मानले गेले आणि प्रत्येकासाठी विधिमंडळाची प्रादेशिक समिती नेमण्याची योजना ठरली. समितीचा सल्ला मंत्रिमंडळाला मान्य नसेल तर प्रश्न राज्यपालाकडे जावा आणि त्याचा निर्णय अखेरचा असावा, असे त्या योजनेत होते. म्हणजे दोन भाषांच्या, परस्परांवरचा विश्वास उडालेल्या दोन समाजांच्या मध्ये तिसऱ्याच भाषेचा एक मनुष्य कान म्हणून बसविलेला होता. १९६० च्या १ मे रोजी इकडे महाराष्ट्र राज्य जन्माला आले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पंजाबी सुभ्यासाठी संत फतेहसिंगांनी उपोषण आरंभिले. ते जानेवारीत सुटले. पुढे ऑगस्ट १९६१ मध्ये मास्टर तारासिंगांचे उपोषण सुरू झाले, ते १ ऑक्टोबरपर्यंत चालले. स्वतःच्या भाषेचे राज्य मागताना दिल्लीने ऐकले नाही म्हणजे काय वाटते, हे काकासाहेबांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती. पण आता ते शासनाच्या खुर्चीवर होते, आणि त्या खुर्चीवरून सहानुभूतीचे एक वाक्यसुद्धा राज्यात वणवा पेटवू शकले असते. बोलण्याची शक्ती असूनही न बोलणे, आणि न बोलताही समोरच्याला आपले ऐकले जात आहे असे वाटू देणे, ही वक्तृत्वाची दुसरी अर्धी विद्या होय. राज्यपालपद सुटले त्याच वर्षी, १९६२ मध्ये, साताऱ्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि त्यांचा आवाज पुन्हा मराठी श्रोत्यांत मोकळा झाला. १२ जानेवारी १९६६ रोजी ते वारले. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला पंजाबची भाषावार पुनर्रचना झाली आणि चंदीगड केंद्रशासित झाले.

इतके लिहिल्यावर माझी स्वतःची एक फजिती सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात येथील मराठी मंडळींपुढे मी गोखल्यांवर व्याख्यान दिले. तयारी भरपूर केली होती. रुपयाच्या विनिमयदराचे विवेचन मी सुमारे पाऊण तास मोठ्या आवेशाने केले. मुले पेंगली, तरुण मंडळी प्रसादाच्या व्यवस्थेसाठी एकेक करून उठली. शेवटी टाळ्या पडल्या. त्यानंतर पुढच्या रांगेतल्या एक वृद्ध बाई हळूच म्हणाल्या, “अहो, बोललात छान. पण मीठ स्वस्त झाले म्हणालात ना, ते किती पैशांनी झाले?” मला सांगता आले नाही. रात्री पुस्तक काढून पाहिले. १९०३ साली कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला होता, म्हणजे आठ आण्यांनी उतरला होता. माझ्या सबंध व्याख्यानात त्या बाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचणारी गोष्ट एवढीच होती, आणि नेमकी तीच मी आणली नव्हती. गोखल्यांचे भाषण मी वाचले होते. माझ्यासमोर कोण बसणार आहे याचा विचार मात्र केला नव्हता. दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी मी त्यांना उत्तर सांगितले. त्या म्हणाल्या, “मग हेच आधी सांगायचे होते, मी लक्ष देऊन बसले असते.”

व्याख्यात्याला लागणारे सर्व नियम त्या दोन वाक्यांत आले, असे मला वाटते. समोर कोण आहे ते आधी जाणावे. त्यांच्या भाषेत बोलावे. एकच गोष्ट सांगावी आणि ती त्यांच्या जीवनाला जेथे स्पर्श करते तेथून आरंभ करावा. पडताळलेले तेवढेच सांगावे. आणि शेवटी प्रश्नासाठी वेळ राखावा, कारण आपले भाषण कसे झाले ते टाळ्यांतून नव्हे, प्रश्नांतून कळते.

आपण बहुतेक जण परप्रांतात अधिकाराच्या जागांवर आहोत. आपल्याला सभा क्वचित गाजवाव्या लागतात. रोज करावी लागते ती सुनावणी. मराठीने येथेही एक गंमत करून ठेविली आहे. ‘सुनावणे’ म्हणजे समोरच्याला खडसावणे, आणि ‘सुनावणी’ म्हणजे त्याचे म्हणणे ऐकून घेणे. एकाच धातूपासून निघालेल्या या दोन शब्दांपैकी आपल्या टेबलासमोर अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या पंजाबी वा हरियाणवी शेतकऱ्याच्या वाट्याला कोणता येतो, हे आपल्यावर आहे. तो आपल्या बोलीत बोलतो, अडखळतो, मूळ मुद्द्यावर यायला वेळ लावतो. नामदेवांनी याच लोकांची बोली ऐकून ऐकून आत्मसात केली होती.

पुढच्या खेपेस पाहुणे आले म्हणजे त्यांना हाताचे छायाचित्र जरूर घेऊ द्यावे. पण मग त्यांना त्या खंदकाच्या काठाशी न्यावे आणि विचारावे की यात चौथरा किती आणि पायऱ्या किती. बोलणाऱ्याला तेथे एकट्यापुरती जागा आहे. बाकीची सगळी जागा बसून ऐकणाऱ्यांची आहे.